संकट आलं की सरकारी दवाखाना आधी कुठून ढासळतो?

पांदणवाट (यवतमाळ जिल्हा)

मंडळी, मागच्या आठवड्यात आमच्या काकांना निंदणाच्या वेळी घोणस चावली. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. गाडीवर मधे बसवून अर्ध्या तासात ग्रामीण रुग्णालयात पोचवलं. डॉक्टर मॅडम हजर होत्या, हे आधीच सांगतो. त्यांनी काचेच्या नळीत रक्त घेतलं, खिडकीच्या कठड्यावर ठेवलं आणि घड्याळ पाहिलं. वीस मिनिटांनी नळी तिरपी केली तर रक्त पाण्यासारखं ओघळलं. गोठलंच नव्हतं, म्हणजे विष भिनलं होतं.

सापाच्या लसीच्या बाटल्या होत्या चार. सुरुवातीलाच दहा लागतात. मॅडमनी चारही घेतल्या, एकेक बाटली दोन्ही तळहातांत धरून हळूहळू फिरवत राहिल्या. मी म्हटलं, जोरात हलवा ना, लवकर विरघळेल. त्या म्हणाल्या, "हलवायची नसते दादा, फेस येतो." चार बाटल्या सलाईनमधून लावल्या, १०८ बोलावली आणि जिल्ह्याला पाठवलं. काका वाचले. पायाला मोठी जखम आहे, ड्रेसिंग चालू आहे.

जिल्ह्याच्या वॉर्डात रात्रभर बसून मोबाईलवर श्रीलंकेबद्दल वाचत होतो. २०२२ मध्ये त्यांच्याकडचे डॉलर संपले आणि मार्चअखेर पेरादेनियाच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलनं ठरलेली ऑपरेशनं थांबवली, कारण औषधं नव्हती. तिथं १९५१ पासून सरकारी उपचार फुकट आहेत. आपल्यापेक्षा कितीतरी चांगली आरोग्यव्यवस्था म्हणून त्यांचं नाव घेतलं जायचं.

माझा प्रश्न असा: देशावर असं संकट आलं तर दवाखाना आधी कुठून ढासळतो? आणि आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात संकट नसतानाच चार बाटल्या असतील, तर तेव्हा काय राहील? ज्यांनी आतून पाहिलं आहे त्यांनी लिहा.

धानपट्टी (गोंदिया)

काका वाचले हे ऐकून बरं वाटलं. रोवणीच्या दिवसांत आमच्याकडे आठवड्यातून एक तरी केस असते. गावठी उपचाराकडे न नेता तुम्ही सरळ दवाखाना गाठला, हे फार चांगलं केलं.

वऱ्हाडी_मिरची (अमरावती जिल्हा)

आमच्या इकडं डॉक्टर असला तं औषध नाई, औषध आलं तं डॉक्टरची बदली. दोघं एका दिवशी भेटले तं आमी नारळ फोडतो बाप्पा.

पन पांदणवाट भाऊ, मॅडमचं मले पटलं. चार तं चार, हातात घेऊन लावल्या. निसतं "घेऊन जा" म्हनून सोडलं नाई.

मस्कतवाली (मूळ वर्धा जिल्हा)

मी मस्कतला नर्स आहे. २०२२ च्या शेवटाला आमच्या वॉर्डात कँडीकडची एक सिस्टर रुजू झाली. तिच्या तोंडून ऐकलेलं सांगते.

ती म्हणायची, आधी औषधं संपली नाहीत. आधी लहान वस्तू संपल्या. टाके घालायचा दोरा, कॅथेटर (लघवीची नळी), ईटी ट्यूब (श्वासासाठी घशात घालायची नळी), हातमोजे. भूल द्यायचं औषध फ्रीजमध्ये आहे, पण नळी नाही, म्हणून ऑपरेशन नाही. पुढे पुढे लहान बाळांच्या नळ्या धुऊन परत वापराव्या लागल्या. हे सांगताना ती आपलीच बोटं चोळत होती, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

मग पेट्रोल गेलं. जूनअखेरपासून इंधन फक्त अत्यावश्यक सेवांना, असा आदेश निघाला होता. आरोग्य त्यात होतंच, पण रांग चुकत नव्हती. ती नाईट करून सकाळी नवऱ्याच्या जागी रांगेत उभी राहायची आणि तो झोपायला घरी जायचा. त्याच सुमारास सरकारनंच कर्मचाऱ्यांना पाच वर्षांपर्यंत बिनपगारी रजा घेऊन परदेशी जायला मोकळीक दिली, डॉलर यावेत म्हणून. ती तेव्हाच निघाली. तिच्या वॉर्डातल्या इतरही निघाल्या. म्हणजे आधी लहान वस्तू, मग इंधन, मग माणसं. माणसं गेली की परत येत नाहीत, औषधाचं जहाज तरी येतं.

हिशेबी (अकोला)

विषय चांगला आहे, पण तुलना सरसकट करू नका असं माझं मत आहे. श्रीलंका आपल्या औषधांपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त बाहेरून आणते. डॉलर संपले की गोळी संपली. आपण स्वतः औषधं बनवतो, जगाला विकतो. सापाची लससुद्धा श्रीलंकेला भारतातूनच जाते. त्या वेळी भारतानं त्यांना अन्न-औषधांसाठी एक अब्ज डॉलरची पत दिली आणि एप्रिलमध्ये आपल्या नौदलाचं जहाज औषधं घेऊन कोलंबोला गेलं होतं. तेव्हा आपल्याकडे तसं होईल ही भीती मला पटत नाही. आपल्या चार बाटल्यांचं कारण देशाचं संकट नाही, व्यवस्थेची ढिलाई आहे.

पांदणवाट

हिशेबी भाऊ, लस आपण त्यांना पाठवतो आणि आमच्या तालुक्यात चारच बाटल्या असतात, हेच तर मला त्या रात्री गिळवत नव्हतं.

गोळीऔषध (निवृत्त औषधनिर्माता, बुलढाणा जिल्हा)

हिशेबींचं अर्धं बरोबर आहे. गोळी आपण बनवतो, पण गोळीतला मूळ कच्चा माल मोठ्या प्रमाणात चीनकडून येतो. डॉलर महागला की पुरवठादार जुन्या दराच्या टेंडरवर माल द्यायला कां-कूं करतो. "माल तयार नाही" म्हणतो, दंड भरतो, पण पाठवत नाही. संकट तालुक्याला पोचतं ते असं.

बत्तीस वर्षं औषधांच्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला होती. साठा कसा संपतो ते सांगतो. पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, मागणी पाठवते. जिल्हा एकत्र करून वर पाठवतो. वर दर ठरतात, ऑर्डर निघते, माल जिल्ह्याच्या भांडारात येतो, नमुने तपासायला जातात, मग वाटप. यातली एक पायरी दोन महिने अडली की खाली आम्ही शेजारच्या पीएचसीकडून उसनं आणतो. उसनवारीची माझी वेगळी वही होती. पॅरासिटामॉलच्या बदल्यात ओआरएस, ओआरएसच्या बदल्यात आयर्न. घरी विरजण मागावं तसं.

आणि ही पायरी वरच बदलत राहिली. २०१७ मध्ये राज्यानं सगळी खरेदी हाफकिन या लस-औषधं बनवणाऱ्या सरकारी महामंडळाकडे दिली, २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा केला. तमिळनाडूनं हेच काम १९९४ मध्ये एका महामंडळाकडे दिलं आणि तिथंच ठेवलं. तिथं प्रत्येक दवाखान्याला पासबुक असतं, गोदामातून आपल्या गरजेप्रमाणे उचल करायची, उचलीची नोंद त्यात. ते पाहून मला हेवा वाटायचा. संकटात टिकायला पैसा लागतोच, पण त्याआधी हा रस्ता मोकळा लागतो.

सापाच्या लसीचं सांगतो. ती जपून ठेवायची सवय जुनी आहे, "उद्या कुणी आलं तर?" म्हणून. पण चार बाटल्या जपून कुणीच वाचत नाही. दहाच्या खाली साठा गेला की तो साठा नव्हे. हे मी प्रत्येक मीटिंगला सांगत आलो.

वऱ्हाडी_मिरची

ते विरजनाचं लय खरं बोलले काका.

पन श्रीलंकेत आदी खत बंद केलतं ना? २०२१ मध्ये एका झटक्यात रासायनिक खत बंद. सहा-सात महिन्यांत मांगं घ्या लागलं. तवापर्यंत धान गेलंतं. म्हनून बी डॉलर गेले. माह्या सासऱ्यानं टीव्हीवर पाहून म्हनलतं, हे शेतकऱ्याले इचारलं असतं तं झालं नसतं.

धानपट्टी

मिरचीताई, खताचा वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला. 🙂 इथं दवाखान्याचं चालू दे.

बॉन्डवरचा (पूर्व विदर्भ)

एमबीबीएस झाल्यावर बॉन्डची (सरकारी कॉलेजात शिकल्याबद्दलची सक्तीची) सेवा एका पीएचसीत केली. नाव लिहीत नाही. धाग्यात अजून कुणी लिहिलं नाही, पण लिहिलं जाईलच, म्हणून आधीच सांगतो: "डॉक्टर मुक्कामी राहत नाहीत."

मी राहिलो. क्वार्टरच्या छतातून पाणी गळायचं, म्हणून खाट ओपीडीत टाकली. तीस हजार लोकसंख्येला एक पीएचसी, आदिवासी भागात वीस हजाराला. ओपीडीत दिवसाला शंभर पेशंट, रात्री डिलिव्हरी. माझ्याबरोबरच्या स्टाफ नर्स आणि लॅब टेक्निशियन दोघीही कंत्राटी होत्या. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवसाचा खंड, मग परत ऑर्डर. एकदा त्यांचा पगार तीन महिने आला नाही. सिस्टर रोज येत राहिल्या. चौथ्या महिन्यात त्यांनी मला विचारलं, "सर, स्कुटीत पेट्रोल टाकायला दोनशे द्याल का?"

मस्कतवाली ताई, तुमच्या मैत्रिणीच्या पेट्रोलची गोष्ट वाचली तेव्हा मला ते दोनशे रुपये आठवले. हिशेबी सर, आपल्याकडे देशाचे डॉलर संपायची वाट पाहावी लागत नाही. वरून निधी उशिरा आला की आमच्या पीएचसीपुरतं ते संकट येऊन जातं, पेपरात बातमी न येता. पैशाची ओढाताण झाली की कुणाचं थांबतं? ज्याचं थांबलं तर ओरड होत नाही त्याचं. कायम लोकांचा पगार थांबत नाही, इमारतीचं बांधकाम थांबत नाही. कंत्राटी सिस्टर, हातमोजे आणि बाळंतिणींना आणणाऱ्या १०२ गाडीचं डिझेल थांबतं.

हिशेबी

डॉक्टर, हे मान्य. माझा मुद्दा थोडा मागे घेतो. पण मग विमा योजना आहे ना? महात्मा फुले योजनेत मोठ्या ऑपरेशनांना खर्च मिळतो, खासगीतही चालते. सरकारी दवाखाना अडला तरी गरिबाला दार उघडं आहे.

बॉन्डवरचा

योजना हवीच. हृदयाच्या, किडनीच्या पेशंटना मी स्वतः त्यात पाठवलं आहे. पण योजनेतलं हॉस्पिटल शहरात असतं. घोणस रात्री आठला बांधावर चावते. रक्तस्राव होणारी बाळंतीण कार्ड दाखवून साठ किलोमीटर थांबू शकत नाही. पहिल्या दोन तासांत जे लागतं ते तालुक्यातच लागतं.

आणि २०१७ चं सप्टेंबर-ऑक्टोबर विसरू नका. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. किती विष भिनलं ते सांगणारी कोलिनएस्टरेजची साधी रक्ततपासणीसुद्धा तेव्हा जिल्ह्यात होत नव्हती. ते काही देशाच्या आर्थिक संकटाचं वर्ष नव्हतं.

पांदणवाट

त्या मोसमात आमच्या गावचे दोघं भरती होते. एक अजूनही उन्हात गेला की डोळे चोळत बसतो. पंप आता भाऊ घेतो.

जिजीबाई (निवृत्त एएनएम म्हणजे उपकेंद्राची नर्सबाई, चंद्रपूर जिल्हा)

नातू टाईप करून देऊन राहिला, चुका झाल्या तर समजून घ्या.

आपल्या देशावर असं संकट १९९१ साली आलं होतं. सोनं विमानानं इंग्लंडला गहाण ठेवायला नेलं, ते तुम्ही पुस्तकात वाचलं असेल. मला ते रॉकेलनं कळलं.

तेव्हा माझ्या उपकेंद्रात काचेच्या सिरींज होत्या. सुया पण परत वापरायच्या, उकळून. उकळायला स्टोव्ह. आखातात लढाई सुरू झाली आणि रॉकेल मिळेना. उपकेंद्राचा डबा रिकामा. लसीकरणाचा दिवस बुधवार. मी गावातल्या एका बाईच्या चुलीवर पातेलं ठेवलं. तिनं आधी चूल सारवली, मग म्हणाली, बाई आता ठेवा. लाकडाच्या धुरानं पातेलं काळं झालं, पण वीस मिनिटं खळखळ उकळलं. मी घड्याळ लावूनच बसायची. आत सिरींज एकमेकांवर आपटून किणकिण वाजायच्या, त्या आवाजानं बायका लेकरं घेऊन यायच्या. तिकडे लेकरं रडायला लागायची!

त्यानंतरच्या वर्षांत हात आखडला तो दिसायचा. कापूस, स्पिरिट, रजिस्टरसुद्धा. निवृत्त झालेल्या बाईच्या जागी बाई यायची नाही, तिचंही गाव माझ्याकडे. पुढे दवाखान्यांत केसपेपरला, तपासणीला पैसे लागू झाले. पाच-दहा रुपयांसाठी बाळंतीण तपासायला यायची नाही, हे मी पाहिलेलं आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत ते पैसे बंद झाले, तेव्हा मला फार आनंद झाला. तीस वर्षं उशीर झाला, पण झालं.

पोरांनो, संकटात उपकेंद्र पडलं नाही, कारण गावाला ती बाई माहीत होती आणि तिला गाव. दवाखाना आधी तिथून ढासळतो, जिथं ही ओळख तुटते.

मस्कतवाली

जिजीबाई, नमस्कार करते तुम्हाला. माझ्या मैत्रिणीचंही हेच म्हणणं होतं. तिकडे मोठी हॉस्पिटलं हादरली, पण गावोगावची सरकारी सुईणबाई फिरत राहिली. त्यांची ती पद्धत १९२६ पासूनची आहे, कालुतारा इथं सुरू झालेली. पेट्रोल नाही म्हणून त्या सायकलवर, पायी जायच्या. लसीकरणाचे दिवस त्यांनी पाळले.

सोनचाफा_आई (गडचिरोली जिल्हा)

विषय सोडून विचारते, माफ करा. माझ्या मुलाला सिकलसेल (जन्मापासूनचा रक्ताचा आजार) आहे, वय नऊ. त्यावरच्या हायड्रॉक्सीयुरियाच्या कॅप्सूल आमच्या ग्रामीण रुग्णालयात दोन महिन्यांपासून नाहीत. "बाहेरून आणा" म्हणून चिठ्ठी देतात. बाहेर आमच्या तालुक्यात मिळत नाही. मागच्या पंधरवड्यात त्याला परत दुखण्याचा झटका आला, रात्रभर पाय चोळले. कुणाला माहीत असेल तर सांगा.

गोळीऔषध

ताई, विषय सोडून मुळीच नाही. जिल्हा रुग्णालयात सिकलसेलचा वेगळा विभाग असतो, तिथं मुलाचं सिकलसेलचं कार्ड आणि जुना कागद घेऊन जा. तालुक्यात संपलं तरी तिथं बहुधा असतं. आधी तालुक्याच्या औषधनिर्मात्याला भेटून "साठा निरंक" असं केसपेपरवर लिहून घ्या, तो कागद पुढे उपयोगी पडतो. सिकलसेलच्या रुग्णाला एसटीत प्रवास सवलत आहे, कार्ड जवळ ठेवा.

बॉन्डवरचा

आणि ताई, परत सुरू करण्याआधी रक्ताची तपासणी करून घ्या, दोन महिन्यांचा खंड पडला आहे. डोस मनानं वाढवू नका. भरपूर पाणी पाजा, थंडी-पावसात भिजू देऊ नका. ताप आला किंवा छातीत दुखलं तर थांबू नका, तडक निघा.

ग्रंथालयाजवळ (वाशीम)

मूळ प्रश्नाला थोडं. मी दोन देशांबद्दल वाचलं आहे.

ग्रीसवर २०१० मध्ये कर्जाचं संकट आलं. तिथं दवाखान्याचा हक्क नोकरीच्या विम्याशी बांधलेला होता. नोकरी गेली की काही काळानं विमा गेला, विमा गेला की सरकारी दवाखान्यातही पैसे. लाखो लोक बाहेर पडले. मग डॉक्टर लोकांनीच गावोगावी फुकट दवाखाने चालवले, घरात उरलेली औषधं गोळा करून. २०१६ मध्ये कायदा करून विमा नसलेल्यांना परत आत घेतलं.

व्हेनेझुएलात तेलाचे भाव पडल्यावर दवाखाने कोसळले. तिथल्या आरोग्य खात्यानं कितीतरी काळ आकडे दिलेच नाहीत. मे २०१७ मध्ये दिले: एका वर्षात बालमृत्यू ३० टक्क्यांनी, मातामृत्यू ६५ टक्क्यांनी वाढलेले. काही दिवसांत त्या आरोग्यमंत्री बाईंना पदावरून काढलं.

मला वाटतं, औषधाच्या आधी आकडा गायब होतो. पांदणवाट, तुमच्या दवाखान्यात चारच बाटल्या आहेत हे चावा बसायच्या आधी गावात कुणाला माहीत होतं?

पांदणवाट

कुणालाच नाही. मलाही नाही. हा प्रश्न दोन दिवस डोक्यात आहे.

धानपट्टी

आमच्याकडे एका सरपंचानं पीएचसीच्या दारावर फळा लावून घेतला होता. सापाची लस, कुत्र्याची लस, ऑक्सिटोसिन (बाळंतपणातला रक्तस्राव थांबवायचं इंजेक्शन), ओआरएस, एवढंच. रोज सकाळी खडूनं आकडा. सरपंच बदलला, फळा पुसला गेला. पण ते एक वर्ष मेडिकल ऑफिसरही खूश होते. कारण आकडा खाली गेला की गावच वर फोन करायचं, त्यांना करावा लागत नव्हता.

हिशेबी

सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयाची जुनी पद्धत होती, गावानं ज्वारी जमा करून वर्षाचा उपचार बांधून घ्यायचा. तसं तालुक्याला लोकवर्गणीतून औषधाचा राखीव साठा करता येईल का? मी पाच हजार देतो.

जिजीबाई

हिशेबी बाळा, तुझं मन मोठं आहे. पण लस फ्रीजमध्ये, मुदतीत, डॉक्टरच्या हाताखाली पाहिजे. वर्गणीचा साठा कुठं ठेवशील? ते काम सरकारचंच, आपण ते सोडवून घेऊ नये. ज्वारीतून गावाची मालकी येते, ते मात्र खरं. तुझे पाच हजार फळ्याला, खडूला आणि सिस्टरच्या पेट्रोलला लाव.

वऱ्हाडी_मिरची

मी बी दोनशे देतो सिस्टरच्या स्कुटीले. हासू नका, खरंच देतो.

सोनचाफा_आई

सगळ्यांचे आभार. काल जिल्ह्याला जाऊन आले. रक्त तपासलं, मग एका महिन्याच्या कॅप्सूल मिळाल्या. तिथल्या ताई म्हणाल्या, पुढच्या महिन्यात येण्याआधी फोन करून या, साठा कमी आहे. येताना बसमध्ये तो खिडकीला डोकं लावून झोपला होता. पुढच्या महिन्याचं काय, ते माहीत नाही. पण हा महिना निघेल.

पांदणवाट

ताई, नवव्या वर्षी एवढं सोसणाऱ्या लेकराला आमच्या सगळ्यांकडून मायेचा हात.

मी आज चार जणांना घेऊन ग्रामीण रुग्णालयात गेलो. भांडायला नाही. मॅडमना आधी काकांसाठी धन्यवाद दिले, मग फळ्याचं विचारलं. त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "लावा. मी रोज लिहीन. मलाच बरं पडेल." रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीत विषय घेणार आहेत. लसीच्या वीस बाटल्या परवा आल्या, त्यांनी फ्रीज उघडून दाखवल्या.

गोळीऔषध

फार छान केलंत. एक काम करा, बाटलीवरची मुदत कधीची आहे ते पाहिलं का? कधी कधी दोन-तीन महिन्यांची मुदत राहिलेला माल खाली येतो. तसं असेल तर फळ्यावर आकड्याशेजारी तारीखही लिहायला सांगा, आणि आत्ताच पुढची मागणी पाठवायला सांगा.

पांदणवाट

ते नाही पाहिलं. उद्या सकाळी काकांच्या ड्रेसिंगला जायचंच आहे, पाहून लिहितो.